पंधराशे तास म्हणजे नेमका किती अनुभव?

आपल्याकडे वाद मिटवायचा एक हुकमी मार्ग आहे. समोरचा म्हणतो, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी." मग बोलायला फारसं काही उरत नाही. त्या पावसाळ्यांत तो शेतात उभा होता की ओसरीवर बसून होता, हे कुणी विचारत नाही. पावसाळे मोजता येतात, म्हणून पावसाळे मोजायचे.

संशोधनात हेच आपण जरा सभ्यपणे करतो. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो: 'अनुभव (वर्षे)'. ० ते ५, ६ ते १०, १० पेक्षा जास्त. शिक्षकांवरचा प्रबंध असो, परिचारिकांवरचा असो की बँक कर्मचाऱ्यांवरचा, हा रकाना ठरलेला. पुढे त्यावर टी-टेस्ट किंवा अनोव्हा लावायची आणि 'अनुभवाचा परिणाम आढळला' किंवा 'आढळला नाही' असं लिहून मोकळं व्हायचं.

तुम्ही पेट किंवा नेट-सेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीत असाल, तर हा रकाना भरण्याआधी एक उदाहरण नीट बघून घ्या. या उदाहरणात अनुभव मोजण्याच्या प्रश्नावर एका देशाने कायदा केलाय, त्याच्यामागे पन्नास माणसांचे जीव आहेत, आणि तरीही त्या प्रश्नाचं उत्तर पुराव्यानिशी देणं किती अवघड आहे ते स्पष्ट दिसतं. उदाहरण अमेरिकेतल्या प्रादेशिक विमान कंपन्यांचं आहे.

बफलोजवळची ती रात्र

प्रादेशिक विमान कंपनी म्हणजे काय, ते आधी सांगतो. अमेरिकेत मोठ्या कंपन्या छोट्या शहरांच्या फेऱ्या बऱ्याचदा स्वतः करत नाहीत, छोट्या कंपन्यांना कंत्राट देतात. तिकिटावर आणि विमानाच्या अंगावर नाव मोठ्या कंपनीचं, पण विमान चालवणारे वैमानिक छोट्या कंपनीचे. वैमानिकाची कारकीर्द सहसा या छोट्या कंपनीत सुरू होते आणि तास साठले की तो मोठ्या कंपनीकडे जातो. म्हणजे ताजे वैमानिक इथेच जास्त सापडणार, हे रचनेतच आहे.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान न्यूअर्कहून बफलोला निघालं होतं. नाव काँटिनेंटलचं, विमान बंबार्डिए क्यू-४००, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. उतरण्याच्या तयारीत असताना वेग कमी होत गेला आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. वेग धोक्याच्या पातळीवर आला की 'स्टिक शेकर' नावाची यंत्रणा वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरवते. त्याचा अर्थ: पंखांची उचल संपत आलीय, नाक खाली घ्या, शक्ती वाढवा. कॅप्टनने दांडा मागे ओढला. नाक वर गेलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना उचल मिळेनाशी झाली. मग दुसऱ्या यंत्रणेने, 'स्टिक पुशर'ने, नाक आपोआप खाली ढकलायचा प्रयत्न केला. कॅप्टनने त्याच्याही विरुद्ध ओढलं. पहिल्या इशाऱ्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत विमान क्लॅरेन्स सेंटर गावातल्या एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला १, असे ५० जण गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, चौकशी केली. संभाव्य कारण म्हणून त्यांनी स्टिक शेकरला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद नोंदवला. सोबत वेगावर लक्ष न ठेवणं, उतरताना अनावश्यक गप्पा टाळण्याचा नियम न पाळणं, कॅप्टनने उड्डाणाचं नीट व्यवस्थापन न करणं आणि बर्फाच्या हवामानात वेग ठरवण्याच्या कंपनीच्या अपुऱ्या पद्धती, हे घटकही नोंदवले. 'एकूण उड्डाणतास कमी होते' असं कारण त्या यादीत नाही.

कायदा आला, पण एक गोची आहे

मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला खेटे घातले आणि विषय सोडला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये काँग्रेसने केलेल्या सुरक्षा कायद्यावर सही झाली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं कलम असं: प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक व्हायलाही आता एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचा परवाना हवा, आणि त्यासाठी साधारणपणे १,५०० उड्डाणतास. आधी सहवैमानिकाला व्यावसायिक परवाना पुरत असे, जो २५० तासांच्या आसपास मिळतो. नियम ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला. सवलती ठेवल्या: लष्करी वैमानिकाला ७५० तास, विमानशास्त्राची पदवी असलेल्याला १,०००, दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्याला १,२५०.

तुलनेसाठी आपल्याकडचं बघा. गोंदिया किंवा बारामतीला वैमानिकाचं शिक्षण घेतलेलं कुणी ओळखीचं असेल तर ठाऊक असेल, भारतात व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात आणि त्यावर विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण घेऊन सहवैमानिक होता येतं. १,५०० तासांचा परवाना लागतो तो पुढे कॅप्टन व्हायच्या वेळी. युरोपातही सहवैमानिकासाठी १,५०० ची अट नाही. म्हणजे अमेरिका या बाबतीत एकटी पडलीय.

आता गोची सांगतो. कोलगनच्या कॅप्टनकडे एकूण ३,३७९ तास होते. सहवैमानिक तरुणीकडे २,२४४. दोघांनीही १,५०० ची रेषा केव्हाच ओलांडलेली होती. ज्या अपघातामुळे हा नियम झाला, त्या अपघातातल्या दोघांपैकी कुणालाही या नियमाने कॉकपिटबाहेर ठेवलं नसतं.

इथे थांबून 'म्हणजे नियम फालतू आहे' असं म्हणून टाकायचा मोह होतो. तो आवरा. एका अपघातातून नियम सुचला, म्हणून तो त्याच अपघाताला लागू पडला पाहिजे असं नाही. नियमाने दुसरे, न घडलेले अपघात टाळले असतील. आपला प्रश्न वेगळा आहे: तास वाढले की धोका कमी होतो का, आणि ते आपल्याला कसं कळणार?

तासांच्या पोटात काय आहे?

आधी हा 'तास' नावाचा चल उघडून बघू.

त्याच विमानाच्या कॉकपिट रेकॉर्डरमध्ये एक संभाषण आहे. अपघाताआधी काही मिनिटं सहवैमानिक कॅप्टनला सांगतेय की कंपनीत येण्याआधीचे तिचे सोळाशेच्या आसपासचे तास सगळे फीनिक्समधले. ॲरिझोनाचं वाळवंट, बाराही महिने स्वच्छ ऊन. खऱ्या ढगांत, उपकरणांवर विसंबून केलेलं उड्डाण तिला त्या सगळ्या तासांत मिळालं नाही तेवढं कंपनीतल्या सरावाच्या पहिल्या दिवशी मिळालं. हे बोलणं चालू असताना बाहेर रात्र होती आणि विमानावर बर्फ धरत होता.

तिच्या लॉगबुकातले ते तास खरेच होते. फक्त ते कशाचे तास होते, हे आकड्यात कुठेच नव्हतं. नवा वैमानिक तास साठवतो कसे? बहुतेक जण नव्या विद्यार्थ्यांना शिकवतात, छोट्या एक इंजिनाच्या विमानात, चांगल्या हवेत. कुणी जाहिरातीचे फलक ओढत उडतं. त्यातून बरंच काही शिकता येतं. शिकवणाऱ्याचा हात आणि नजर तयार होते, हे कुणीही शिक्षक सांगेल. पण दोघांनी मिळून चालवायचं टर्बोप्रॉप, हिवाळ्यात, रात्री, बर्फात उतरवायचं कसब त्यातून किती येतं, हा वेगळा प्रश्न आहे.

कॅप्टनचं उदाहरण दुसऱ्या बाजूचं. त्याच्या ३,३७९ तासांपैकी क्यू-४०० या विमानावरचे फक्त १११. शिवाय परवान्याच्या चाचण्यांत तो आधी एकाहून जास्त वेळा नापास झाला होता आणि नोकरीच्या अर्जात त्या सगळ्या नोंदी नव्हत्या. स्टिक पुशर प्रत्यक्ष चालू झाल्यावर काय वाटतं, काय करायचं, याचा सिम्युलेटरवरचा सराव कंपनीच्या प्रशिक्षणात नव्हता.

आपल्या भाषेत हा कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटीचा प्रश्न. तुम्हाला मोजायचंय 'कसब' किंवा 'निर्णयक्षमता'. ते थेट मोजता येत नाही, म्हणून तुम्ही त्याच्या जागी 'तास' ठेवता. तास हा कसबाचा मुनीम झाला. मुनीम मालकाचं काम किती इमाने करतो, ते तपासल्याशिवाय पुढचं सगळं गणित हवेत.

फक्त अंश मोजला तर

समजा तास हे माप तूर्त मान्य केलं. आता अपघात मोजायचे.

२००१ मध्ये पॉल क्रेग यांचं 'द किलिंग झोन' हे पुस्तक आलं. ते विमान कंपन्यांबद्दल नाही, छोटी खासगी विमानं उडवणाऱ्यांबद्दल आहे, पण पद्धतीसाठी उपयोगी आहे. अपघातांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं की जीवघेणे अपघात ५० ते ३५० तासांच्या वैमानिकांमध्ये दाटलेले दिसतात. विमान शिकणाऱ्यांत ही कल्पना खूप पसरली.

तुमच्या मनात शंका आली का? ५० ते ३५० तासांचे वैमानिक आहेतच किती? छंद म्हणून उडणारी पुष्कळ माणसं याच पट्ट्यात असतात आणि पुढे सोडून देतात. जिथे माणसं जास्त, तिथे अपघातही जास्त. पुण्यात दुचाकीचे अपघात जास्त होतात, यावरून पुण्यातली दुचाकी जास्त धोक्याची असं ठरत नाही. आधी पुण्यात दुचाक्या किती ते सांगा. क्रेगकडे अंश होता, छेद नव्हता.

पुढे २०१३ मध्ये विल्यम नेक्ट यांनी छेद धरून, म्हणजे अपघातांचा दर काढून, हाच प्रश्न पुन्हा तपासला. चित्र बदललं. धोक्याचा पट्टा ३५० तासांशी संपत नाही, त्याच्या बऱ्याच पुढेपर्यंत रेंगाळू शकतो असं दिसलं. छेद आला की निष्कर्ष अधिक सौम्य होईल असं आपण गृहीत धरतो, इथे तो अधिक काळजीचा निघाला. म्हणून छेद घ्यायचा तो उत्तर कुठल्या बाजूला जाईल याचा अंदाज न बांधता.

छेद असलेला एक चांगला अभ्यास

आता प्रादेशिक सेवांच्या जवळ येऊ. २००३ मध्ये गुओहुआ ली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास अमेरिकेतल्या रोगपरिस्थितीशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात आला. त्यांनी छोट्या पल्ल्याच्या 'कम्युटर' कंपन्या आणि हवाई टॅक्सीचे ३,३०६ वैमानिक घेतले. १९८७ मध्ये हे सगळे ४५ ते ५४ वयाचे होते. १९९७ पर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. ठरावीक माणसांचा गट घेऊन पुढे काय होतं ते बघायचं, याला कोहॉर्ट अभ्यास म्हणतात. तंबाखू आणि कॅन्सरच्या संशोधनात वापरतात तीच पद्धत.

या दहा वर्षांत सगळे मिळून १.२९ कोटी तास उडाले आणि ६६ अपघात झाले. भागाकार करून बघा: दर दहा लाख तासांना ५.१ अपघात. हा झाला छेदासकट आकडा.

निष्कर्ष असा की सुरुवातीला ५,००० ते ९,९९९ तास असलेल्यांचा अपघाताचा धोका, त्याहून कमी तास असलेल्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होता. सापेक्ष जोखीम ०.४३. आणि १०,००० तासांनंतर तास वाढले म्हणून आणखी फायदा दिसला नाही, रेषा सपाट झाली.

म्हणजे तासांचा उपयोग होतो, संपलं? जरा दमाने घ्या. तीन गोष्टी बघा.

पहिली, कॉन्फिडन्स इंटरव्हल. तो ०.२१ ते ०.८७ आहे. म्हणजे खरी घट ७९ टक्के असू शकते किंवा अवघी १३ टक्के. 'फायदा आहे' हे ठामपणे म्हणता येतं, 'किती' हे नाही. ६६ अपघातांतून याहून बारीक उत्तर निघत नाही.

दुसरी, कुणाशी तुलना? सगळे मध्यमवयीन, धंद्यात मुरलेले. ज्याच्याकडे ५,००० पेक्षा कमी तास आहेत तोही काही शिकाऊ नव्हे. २५० आणि १,५०० तासांच्या पंचविशीतल्या पोरांमध्ये फरक काय, याबद्दल हा अभ्यास काहीच बोलत नाही. पण चर्चेत 'तास वाढले की धोका घटतो' एवढंच उचललं, तर तो निष्कर्ष जिथे मोजलाच नाही तिथे नेऊन बसवला जातो. तुमच्या वाङ्‌मय-समीक्षेच्या प्रकरणात हे फार सहज होतं.

तिसरी, तासांबरोबर आणखी काय बदलतं? अमेरिकेतल्या विमान कंपन्यांत ज्येष्ठता हेच सर्वस्व. ज्याची नोकरी जुनी त्याला आधी निवड: चांगलं विमान, सोयीच्या फेऱ्या, दिवसाची वेळ. नव्याच्या वाट्याला उरलंसुरलं, ऐनवेळचं. मग जुन्याचा धोका कमी दिसला तर श्रेय त्याच्या हाताला द्यायचं की त्याच्या वेळापत्रकाला? याला कन्फाउंडिंग म्हणतात, आणि नुसते तास बघून ते सुटत नाही.

उलटा निष्कर्ष देणारा अभ्यास

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. १,५०० चा नियम येऊ घातला होता तेव्हा विमानशास्त्र शिकवणाऱ्या काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'पायलट सोर्स स्टडी' केला. २००५ ते २००९ दरम्यान प्रादेशिक कंपन्यांत लागलेल्या दोन हजारांहून जास्त वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी त्यांनी घेतल्या. कुणाला जादा सराव लागला, कुणी प्रशिक्षण पुरंच केलं नाही, हे पाहिलं. सरस ठरलेल्या गटांची वैशिष्ट्यं: मान्यताप्राप्त विद्यापीठीय अभ्यासक्रम, शिकवण्याचा परवाना, आणि नोकरीआधीचे तास ५०० ते १,०००. म्हणजे जास्त तासवाले अधिक चांगले निघाले नाहीत.

ली यांचा अभ्यास म्हणतो तास उपयोगी, हा म्हणतो तासांपेक्षा शिक्षण कुठून झालं ते महत्त्वाचं. कोण खरं? संशोधनाच्या तयारीतल्या विद्यार्थ्याने हा प्रश्न असा विचारूच नये. दोघांनी मोजलंय काय, ते शेजारी ठेवावं.

ली यांच्याकडे परिणाम म्हणजे अपघात. इथे परिणाम म्हणजे प्रशिक्षणातली कामगिरी. प्रशिक्षणात चटकन पुढे जाणारा पुढे सुरक्षित उडतो, हे पटण्यासारखं आहे, पण इथे ते मोजलेलं नाही. म्हणजे एका बाजूला तास हा कसबाचा मुनीम होता, आता दुसऱ्या बाजूला प्रशिक्षण हा सुरक्षिततेचा मुनीम झाला.

दुसरं, या यादीत नाव यायला आधी नोकरी लागायला हवी. ५०० तासांवर कंपनीने ज्याला घेतलं, त्याच्यात तिला काही तरी दिसलं असणार. २,५०० तास होऊनही जो अजून पहिल्या प्रादेशिक नोकरीसाठी अर्ज करतोय, त्याला आधी कुणी का घेतलं नसेल? कारणं अनेक असतील, घरची, पैशाची, मंदीची. पण दोन्ही गट 'तास सोडून बाकी सारखे' नक्कीच नव्हेत. निवड झालेल्यांचीच माहिती हातात आली की हा सिलेक्शन बायस येतोच. बोर्डात पहिल्या आलेल्यांच्याच मुलाखती घेऊन 'क्लास न लावणारे यशस्वी होतात' म्हणण्यासारखं ते आहे.

तिसरं, कोण विचारतंय? विद्यापीठीय अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना विद्यापीठीय शिक्षण श्रेष्ठ निघालेलं आवडणारच. याचा अर्थ त्यांनी आकडे फिरवले असा अजिबात नाही. याच न्यायाने दुसरीकडेही बघा: वैमानिकांची संघटना १,५०० च्या बाजूने आहे, आणि वैमानिक कमी असले की पगार वाढतात. प्रादेशिक कंपन्यांच्या संघटनेला अट सैल हवी, आणि वैमानिक स्वस्त मिळाले तर तिला बरंच. हितसंबंध दिसले म्हणून पुरावा फेकायचा नसतो, तो जास्त बारकाईने वाचायचा असतो.

आधी आणि नंतर

नियमाच्या बाजूने सर्वात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद साधा आहे. नियमाआधी प्रादेशिक सेवांचे जीवघेणे अपघात होत होते: २००३ मध्ये शार्लट, २००४ मध्ये कर्क्सव्हिल, २००६ मध्ये लेक्सिंग्टन, २००९ मध्ये बफलो. नंतर ते जवळजवळ थांबले. मग नियमाने काम केलंच ना?

आधी-नंतरची तुलना बघितली की तारखा काढायच्या, ही सवय लावून घ्या. बफलोचा अपघात फेब्रुवारी २००९ चा. नियम लागू ऑगस्ट २०१३ ला. मधली साडेचार वर्षं जुन्याच अटीवर गेली, आणि त्या काळातही अमेरिकन प्रवासी कंपन्यांच्या अपघातात एकही प्रवासी दगावला नाही. घसरण औषध घेण्याआधीच सुरू झालेली होती. कंपन्यांनी नियम येणार म्हणून आधीच तयारी केली असेल, हे शक्य आहे. पण मग त्या तयारीत काय काय होतं, तेही सांगावं लागेल.

त्यात बरंच काही होतं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम २०१४ पासून आले. स्टॉलमधून बाहेर येण्याच्या प्रशिक्षणाची पद्धत बदलली. नव्या परवान्यासाठी सिम्युलेटरचा एक कोर्स सक्तीचा झाला. कंपन्यांना सुरक्षा व्यवस्थापनाची पद्धत बसवावी लागली. एवढ्या गोष्टी एका वेळी बदलल्यावर श्रेय एकट्या १,५०० च्या आकड्याला देता येत नाही. आणि त्याच्याकडून काढूनही घेता येत नाही.

आधीचे अपघातही उलगडून बघा. शार्लटच्या अपघातात विमानाच्या शेपटीकडच्या नियंत्रणाची देखभाल चुकली होती आणि वजनाचा हिशेबही चुकला होता. लेक्सिंग्टनला दोन वैमानिक चुकीच्या धावपट्टीवरून उडाले, ४९ जण गेले. त्या दोघांकडेही चार हजारांहून जास्त तास होते. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ प्रादेशिक सेवेचं विमान लष्करी हेलिकॉप्टरला धडकून ६७ जण गेले. हा अपघात 'नंतर'च्या खात्यात मोजायचा का? तुमचा प्रश्न सहवैमानिकाच्या अनुभवाचा असेल, तर यातले कोणते अपघात तुमच्या प्रश्नाचे, हे आकडे बघण्याआधी लिहून ठेवायला हवं. नंतर ठरवलं तर हवं ते उत्तर येतं.

शिवाय अपघात फार विरळ आहेत. ही चांगली गोष्ट आहे, पण संशोधकाची पंचाईत करणारी. संख्याशास्त्रात 'तीनाचा नियम' आहे: न प्रयत्नांत एकदाही घटना घडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तिचा दर ३ भागिले न पेक्षा कमी आहे. समजा एका कंपनीची ५०,००० उड्डाणं अपघाताविना झाली. तर आपण म्हणू शकतो की दर लाखाला ६ पेक्षा कमी. आधुनिक प्रवासी विमानसेवेसाठी लाखाला ६ अपघात म्हणजे हाहाकार. म्हणजे 'शून्य अपघात' या आकड्याने आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलं नाही.

मोजता येतं ते आधी होतं

मला स्वतःला या सगळ्यात सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. २०१० च्या त्याच कायद्यात आणखी एक आदेश होता: प्रत्येक वैमानिकाच्या प्रशिक्षणाच्या आणि चाचण्यांच्या नोंदींचं एक सामायिक कोठार उभारा, म्हणजे नवी कंपनी नेमणुकीआधी ते बघू शकेल. कोलगनच्या कॅप्टनच्या नापास चाचण्या कंपनीला पूर्ण माहीत नव्हत्या, हे आठवतंय ना? हा आदेश थेट त्यावरचा होता. १,५०० तासांची अट २०१३ ला लागू झाली. नोंदींच्या कोठाराचा अंतिम नियम आला २०२१ मध्ये.

मधल्या काळात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, टेक्सासमध्ये ॲटलास एअरचं मालवाहू बोइंग ७६७ कोसळलं, तिघे गेले. ही प्रादेशिक कंपनी नव्हती, पण सहवैमानिक प्रादेशिक कंपन्यांत काम करून आलेला होता. त्याच्याकडे पाच हजारांवर तास होते. आणि आधीच्या कंपन्यांमध्ये प्रशिक्षणात अनेकदा नापास झाल्याच्या नोंदी होत्या, ज्या नव्या कंपनीपर्यंत पुऱ्या पोचल्या नाहीत. नोंदींचं कोठार वेळेत उभं राहिलं नाही, हे एनटीएसबीने या अपघाताला हातभार लावणाऱ्या घटकांत नोंदवलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अलास्कातल्या उनालास्काला पेनएअरचं साब २००० धावपट्टीवरून पुढे घसरलं, एक प्रवासी गेला. मूळ कारण ब्रेकयंत्रणेतल्या तारा दुरुस्तीत उलट जोडल्या गेल्या हे होतं. पण वारा मागून मर्यादेपेक्षा जास्त असताना उतरण्याचा निर्णयही नोंदवला गेला. कॅप्टनकडे एकूण २०,००० च्या आसपास तास होते. साब २००० वरचे साधारण १००. कोलगनच्या कॅप्टनचे १११ आठवा. एकूण तासांचा रकाना या दोघांना अगदी वेगळ्या टोकांना बसवतो, विमानावरच्या तासांचा रकाना शेजारीशेजारी.

दोन-तीन अपघातांवरून नियम मांडायचा नसतो, हे वर इतकं सांगून झाल्यावर मी इथे तेच करणार नाही. या उदाहरणांचा उपयोग एवढाच: कुठला चल मोजायचा राहून गेला, ते त्यांतून सुचतं. त्याची चाचणी वेगळ्या माहितीवर करावी लागते.

मग म्हणायचं काय?

पुराव्याला धरून एवढं म्हणता येतं. मुरलेल्या वैमानिकांत, एका मर्यादेपर्यंत, जास्त तासांबरोबर कमी धोका दिसतो. नव्या वैमानिकांत, प्रशिक्षणाच्या पातळीवर, तासांपेक्षा शिक्षणाचा दर्जा जास्त बोलतो असं दिसतं. १,५०० या आकड्याने किती जीव वाचवले, हे उपलब्ध माहितीतून वेगळं काढता येत नाही. 'परिणाम सिद्ध झाला नाही' आणि 'परिणाम नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ज्यांची माणसं त्या विमानात होती, त्यांच्यासमोर उभं राहून यातलं कोणतं वाक्य तुम्ही म्हणताय, याचं भान संशोधकाला हवं. एका बाजूला त्यांना खोटा दिलासा द्यायचा नाही, दुसऱ्या बाजूला पुरावा नसताना त्यांची लढाई वाया गेली असंही सांगायचं नाही.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा आणि 'अनुभव (वर्षे)' या रकान्याशेजारी पेन्सिलीने चार ओळी लिहा.

एक, हा आकडा कोणत्या गोष्टीच्या जागी उभा आहे? शिक्षकाची दहा वर्षं म्हणजे दहा वर्षांचं शिकणं, की एकच वर्ष दहा वेळा?

दोन, त्या वर्षांत तो माणूस नेमकं काय करत होता, हे विचारणारा एखादा प्रश्न प्रश्नावलीत घालता येईल का? कोणते वर्ग, कोणता विषय, किती पटसंख्या. आपल्या अभ्यासातले हे 'विमानावरचे तास'.

तीन, तुमचा छेद काय? आणि जे तुमच्या यादीत आलेच नाहीत, सोडून गेले, निवडले गेले नाहीत, ते कोण?

चार, अनुभवाबरोबर आणखी काय काय वाढतं? पगार, बदलीची सोय, चांगली शाळा, वरच्या साहेबाशी ओळख. यातलं किती तुम्ही मोजताय?

चारही ओळी एका बैठकीत भरणार नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीसाठी बहुधा तुम्हाला प्रत्यक्ष त्या शाळेत, वॉर्डात किंवा शाखेत जाऊन दोन दिवस बसावं लागेल. संशोधन समितीसमोर जायच्या आधी ते दोन दिवस काढा. समितीतलं कुणी ना कुणी 'अनुभव म्हणजे काय घेतलंय?' असं विचारतंच, आणि तेव्हा 'वर्षे' हे उत्तर पुरत नाही.